मोताळ्याला पाणी कितव्या दिवशी?

वैनगंगेचं पाणी मोताळा तालुक्यापर्यंत आणायचं ठरलं आहे. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणापासून नळगंगा धरणापर्यंत सुमारे ४२६ किलोमीटरचा जोडकालवा, १,७७२ दलघमी म्हणजे साडेबासष्ट टीएमसी पाणी आणि ८७ हजार कोटींहून जास्त खर्च. राज्य सरकारची मान्यता ऑगस्ट २०२४ मधली. नळगंगेचा स्वतःचा उपयुक्त साठा ६९ दलघमीच्या आसपास आहे, हे लक्षात घेतलं की आकड्यांचा आवाका कळतो. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी इथे पूर्णा-तापीच्या खोऱ्यात वळवायचं आहे. यावर भाषणं उदंड झाली. मोताळा या कालव्याच्या टेलला आहे, आणि टेलला पाणी पोचणं हा मुळात उपयोजित गणिताचा प्रश्न आहे, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही.

उतारापासून सुरुवात करू. मोठ्या कालव्याला दर किलोमीटरला साधारण १० सेंटिमीटर उतार धरला, तर ४२६ किलोमीटरमध्ये पाणी साडेबेचाळीस मीटर खाली येतं. ही उंची फुकट मिळत नाही. पुढचा भाग वर असेल तर ती पंप लावून, वीजबिल भरून परत मिळवावी लागते. उतार कमी ठेवला तर पाणी रेंगाळतं, गाळ बसतो, कालवा रुंद खणावा लागतो.

वेग किती, हे सांगणारं सूत्र रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याच्या नावाने ओळखलं जातं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं हे सूत्र पाटबंधाऱ्यातला प्रत्येक अभियंता आजही वापरतो. वेग उताराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो आणि कालव्याच्या खडबडपणाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. त्यातलं वर्गमूळ फार महागात पडतं. खडबडपणा दुप्पट झाला, तर तोच वेग राखायला उतार चौपट लागतो.

आता आकडे घालून बघू. वाटेतले उपसे, बोगदे, साठवण तलाव सध्या बाजूला ठेवू. कालव्याच्या छेदाचं क्षेत्रफळ भागिले ओली परिमिती, म्हणजे जलीय त्रिज्या, २ मीटर घेऊ. काँक्रीटचं अस्तर चांगलं असेल तर खडबडपणा ०.०१८ धरतात. वेग येतो सेकंदाला ०.८८ मीटर, अंतर कापायला साडेपाच दिवसांहून थोडं जास्त. अस्तर उखडलं, तळाला गवत माजलं, काठाने बेशरम वाढली, की तोच आकडा ०.०३०वर जातो. वेग ०.५३, आणि प्रवास नऊ दिवसांच्या वर. उशीर तर झालाच, पण पाण्याची पातळी तेवढीच ठेवली तर विसर्गही ४० टक्क्यांनी घटतो. आवर्तन कागदावर पूर्ण होतं आणि टेलचा हरभरा कोरडा राहतो.

हे झालं संथ, एकसारख्या वाहत्या पाण्याचं. प्रत्यक्षात गेट उघडतं, मिटतं, मधल्या वितरिका सुरू होतात, बंद होतात. अशा बदलत्या प्रवाहाची समीकरणं फ्रेंच गणिती सें-व्हनाँ याने १८७१ मध्ये मांडली. एक समीकरण म्हणतं, पाणी हरवत नाही. दुसरं संवेगाचा हिशेब ठेवतं. मोजके सोपे प्रसंग सोडले तर ती कागदावर सुटत नाहीत. मग कालव्याचे तुकडे पाडून, वेळेचेही तुकडे पाडून संगणकाकडून उत्तर काढायचं. तुकडे मनाला येतील तसे पाडता येत नाहीत. कोराँट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी १९२८ मध्ये दाखवलेली अट इथे आडवी येते: नेहमीच्या सरळ पद्धतीत, एका वेळच्या टप्प्यात लाट एका तुकड्याच्या पलीकडे जाता कामा नये. ३ मीटर खोल पाण्यात लाटेचा वेग सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर, वर प्रवाहाचा वेग. तुकडा ५०० मीटरचा असेल तर टप्पा ८० सेकंदांहून मोठा चालत नाही. ही अट मोडली की संगणक बिनदिक्कत कालव्यात डोंगराएवढं पाणी दाखवतो!

पुण्याजवळ खडकवासल्याला, १९१६ पासूनच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात अशी प्रतिमानं नित्याची आहेत. विदर्भातल्या विद्यापीठांत मात्र गणितातली पीएच.डी. म्हटली की सापेक्षता आणि विश्वरचनाशास्त्र अशी जुनी, अभिमानाचीच परंपरा आहे. विश्वाच्या प्रसरणावर प्रबंध जरूर व्हावेत. पण शेजारच्या पाटचारीवरही एखादा व्हायला हरकत नाही. गणिताच्या दृष्टीने ती काही सोपी नाही.

सुरुवातीला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. जोडकालवा यायचा तेव्हा येईल, नळगंगेचे कालवे आजही आहेत. पाटकऱ्याला विचारून आवर्तनाची तारीख घ्या. १०० मीटरचा सरळ पट्टा निवडा, पाण्यात संत्रं सोडा, मोबाइलवर वेळ मोजा. पृष्ठभागावरच्या वेगाला ०.८५ने गुणलं की सरासरी वेगाचा अंदाज येतो. रुंदी, खोली आणि उतार मोजून मॅनिंगच्या सूत्रातून खडबडपणा उलटा काढा. अमरावती विद्यापीठाच्या परीक्षेला बसणाऱ्या बी.एस्सी.च्या मुलांनी हा प्रकल्प जरूर करावा, आणि आलेला आकडा पाटबंधारे शाखेला लेखी कळवावा.