जलपर्णी तोडू नका, मुळासकट काढा

लोणावळ्याजवळच्या कुरवंडे परिसरात इंद्रायणी उगम पावते आणि कामशेत, देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. उन्हाळ्यात प्रवाह मंदावला की तिच्यावर जागोजागी जलपर्णीचा हिरवा थर चढतो. मावळातूनच वाहणाऱ्या पवनेचीही हीच गत. माणसे आणि यंत्रे लावून जलपर्णी काढली जाते, तरी ती पुन्हा येते. याचे एक मोठे कारण तिच्या खोडात आहे.

उसाची लागवड बियांनी होत नाही, डोळा असलेल्या कांडीने होते. पाणथळ जागी माजणाऱ्या अनेक वनस्पती नेमक्या याच पद्धतीने पसरतात. खोडाच्या पेरापाशी सुप्त डोळे असतात. वाढत्या शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक त्यांना दाबून ठेवते. शेंडा तुटला की हा दाब जातो, डोळा फुटतो आणि पेराला नवी मुळे येतात. सुरुवातीची ऊर्जा खोडात साठलेल्या स्टार्चमधून मिळते. जमिनीवर असा तुकडा वाळून जाऊ शकतो; पाण्यात तो ताजा राहतो आणि प्रवाहाबरोबर नवी जागाही गाठतो.

जलपर्णीचे सुटे पान किंवा फुगीर देठ यांपासून नवे रोप होत नाही. मात्र पानांच्या बुडाशी असलेल्या आखूड खोडाचा डोळ्यासह तुकडा उरला, तर तो पुरेसा असतो. शिवाय आडव्या धावत्या खोडांवर तिला सतत पिल्ले फुटतात. पोषक पाण्यात साधारण दोन आठवड्यांत तिची संख्या दुप्पट होऊ शकते. काठावरच्या बेशरम या झुडपाची फांदीही ओल्या मातीत पडली की मुळे धरते. दक्षिण अमेरिकेतून जगभर पसरलेल्या ॲलिगेटर वीडला तर नव्या प्रदेशांत रुजणारे बी क्वचितच धरते. एका पेराचा तुकडाही तिचा वंश चालवतो.

म्हणून नुसती कापणी म्हणजे नकळत केलेली लागवडच. काम उगमाकडून सुरू व्हावे, खालच्या अंगाला जाळी लावून तुकडे अडवावेत आणि काढलेला ढीग काठावर न ठेवता पुराच्या पाण्यापासून दूर न्यावा. जलपर्णीचे बी गाळात वीसेक वर्षे तग धरू शकते, त्यामुळे एका हंगामात हे काम संपणारे नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नायट्रोजन आणि फॉस्फरसने भरलेले सांडपाणी नदीत सोडणे थांबले पाहिजे. हे खाद्य मिळत राहील तोवर उरलेला प्रत्येक तुकडा पुन्हा नदी व्यापेल.