वृद्धांच्या चालण्याचा वेगही मोजा

आजोबांचे वजन वर्षभरात चार-पाच किलोंनी उतरले, जिना चढताना त्यांना मध्येच थांबावे लागू लागले, की ‘आता वय झालं’ म्हणून आपण विषय संपवतो. पण एकाच वयाची दोन माणसे सारखी थकत नाहीत. अमेरिकेतील लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये क्षीणतेची पाच लक्षणे मांडली: नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, मुठीची कमजोर पकड, मंद चाल आणि कमी हालचाल. यातली तीन दिसली की माणूस क्षीण समजावा. 65 वर्षांवरील 5,317 जणांच्या त्या अभ्यासात सात वर्षांत क्षीण गटातले 43 टक्के दगावले. एकही लक्षण नसलेल्यांत हे प्रमाण 12 टक्के होते. क्षीण माणसे मुळात अधिक वयस्क आणि आजारी होती, हा आक्षेप रास्त आहे. मात्र वय आणि आजारांचा परिणाम वगळूनही त्यांचा धोका जास्तच राहिला. शरीराची राखीव ताकद संपलेली असली, की साधा न्यूमोनिया किंवा न्हाणीघरातले पडणेही जिवावर बेतते.

हे परदेशातले आकडे आपल्याला कशाला, असेही कोणी विचारेल. भारतासह 17 देशांतील सुमारे 1 लाख 40 हजार लोकांच्या ‘प्युअर’ अभ्यासात (2015) पकड 5 किलोंनी कमी असली की मृत्यूचा धोका 16 टक्क्यांनी वाढलेला आढळला. मृत्यूचा अंदाज वरच्या रक्तदाबापेक्षा पकडीवरून अधिक नेमका आला. मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी ‘लासी’ पाहणीतही पकड आणि चाल मोजली गेली. आपली शरीरयष्टी वेगळी, म्हणून पाश्चात्त्य मर्यादा डोळे झाकून लावू नयेत. आशियाई तज्ज्ञगटाने 2019 मध्ये पकडीसाठी पुरुषांना 28 आणि स्त्रियांना 18 किलो ही मर्यादा सुचवली आहे.

धोका कळून उपयोग काय, नुसती धास्तीच ना? तसे नाही. अमेरिकेतील वृद्धाश्रमातल्या सरासरी 87 वर्षांच्या 100 क्षीण वृद्धांवरील प्रयोगात (1994) दहा आठवड्यांच्या वजनी व्यायामाने स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक वाढली आणि चालही सुधारली. व्यायामाविना नुसत्या पूरक आहाराने हे साधले नाही. म्हणून बदलापूरजवळच्या सोनिवलीसारख्या वस्तीतल्या आरोग्य शिबिरातही रक्तदाब आणि साखरेबरोबर चाल तपासली जावी. जमिनीवर 4 मीटरची खूण करून नेहमीच्या वेगाने चालायला सांगावे. पाच सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर डॉक्टरांना दाखवावे. विनाकारण वजन उतरत असेल तर क्षयरोग, मधुमेह, नैराश्य यांचीही तपासणी हवी. घरातल्या वृद्धांची ही चाचणी या रविवारीच घ्या.