कारचा साइड मिरर फुटलाय? आधी फक्त काच बदलून बघा

पार्किंगमध्ये कुणीतरी घासून गेलं आणि आरसा तडकला, की गॅरेजवाला बरेचदा अख्खी असेंब्लीच बदलायला सांगतो. पण कव्हर आणि आतली मोटर शाबूत असेल, तर नुसत्या काचेवर भागतं. बहुतेक गाड्यांत काच प्लास्टिकच्या प्लेटवर चिकटवलेली असते आणि ती प्लेट क्लिपांवर बसते.

१. हातमोजे घाला. तडकलेल्या काचेवर चिकटपट्टी लावा.
२. आरशाची एक कड आत दाबा, समोरची बाहेर येईल. त्या फटीत प्लास्टिकची पट्टी घालून प्लेट अलगद उचकटा.
३. मागे हीटरच्या वायरी असतील तर मोबाइलवर फोटो काढा, मगच सोडवा.
४. वायरी जोडा. नवी प्लेट मधोमध तळव्याने दाबा, 'टक' आवाज आला की बसली.

काच घेताना मॉडेल, वर्ष आणि डावी-उजवी बाजू तपासा. पैसे वाचवायला साधा सपाट आरसा कापून चिकटवू नका. मूळ काच सहसा बहिर्वक्र असते, म्हणून तिच्यात जास्त रस्ता मावतो. सपाट काचेत शेजारून येणारी दुचाकी दिसायचीच राहू शकते.

शेवटी बटणाने आरसा चारही दिशांना फिरवून बघा आणि मगच गाडी काढा.