टायरचेही दात मोजा!

नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या यात्रेत बैल विकत घेणारा काय करतो, ते पाहिले आहे का? तो बैलाचा जबडा उघडून खालचे दात मोजतो. दोन-अडीच वर्षांच्या वयात पक्क्या दातांची पहिली जोडी येते, तो ‘दुसा’. सुमारे पाच वर्षांत आठही दात आले, की बैल ‘जुळला’. विकणारा काहीही सांगो, दात खरे वय सांगतात!

आता समजा, लातूरच्या एका कुटुंबाला प्रवासासाठी जुनी घरगाडी, म्हणजे आत झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली मोटार, घ्यायची आहे. तिचे दात कोठे पाहायचे? टायरवर! टायरच्या बाजूवरील अक्षरांच्या शेवटी चार अंक असतात. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. ही टायरची जन्मतारीख.

घरगाडी वर्षातील बरेच महिने उभीच असते. त्यामुळे टायरची नक्षी झिजत नाही. तो नवा दिसतो. पण हवेतील ऑक्सिजन, ओझोन आणि ऊन यांमुळे रबराचे लांबलचक रेणू बदलत राहतात. रबर कडक होते, त्याला भेगा पडतात. असा टायर घरगाडीच्या ओझ्याखाली, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात, भर वेगात फुटू शकतो. म्हणून नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचा टायर बदलावाच.

करून पाहा : दोन सारखी रबरबँडे घ्या. एक ताणून उन्हात ठेवा, दुसरे डबीत. महिन्याने दोन्ही ओढून पाहा. काय फरक दिसतो?