बाय बाय, टपटप!

वीकेंडला घरी जायचं आणि मस्त झोपा काढायच्या, असा माझा सिंपल प्लॅन होता. स्टेशनची पाटी भंडारा रोडची, गाव मात्र आमचं वरठी. पण रात्रभर कानाशी एकच रिंगटोन : टप... टप...

बाबांच्या परसबागेकडे जाणारा पीव्हीसी पाइप गळत होता. बाबा गेले, बागही सुकली. पाइपच्या तोंडात आईने चिंधी कोंबलेली आणि खाली बादली.

‘जाळावर धरून चिमटा’, शेजारचा सल्ला. नो वे! अशी कड दाबाखाली फुटते आणि पीव्हीसी जळला की विषारी धूर निघतो.

प्लंबरकाकांचा फंडा सोपा : एंड कॅप आणि सॉल्व्हंट सिमेंट. हे सिमेंट प्लास्टिकचा वरचा थर विरघळवून पाइप आणि कॅप एकजीव करतं. तुम्हीही करू शकता. दोन बादल्या भरून घ्या, मेन व्हॉल्व्ह बंद करा. पाइप सरळ कापा, कड पॉलिश पेपरने घासा, कोरडी पुसा. दोन्हीकडे पातळ थर लावा. कॅप पाव वळसा देत दाबा, 30 सेकंद धरून ठेवा. पाणी मात्र 24 तासांनी सोडा. आणि हो, काळ्या एचडीपीई पाइपला हे सिमेंट चिकटत नाही.

‘‘कायमचाच बंद? उद्या बाग लावावीशी वाटली तर?’’ आई हळूच म्हणाली.

‘‘कॅपमागे वीतभर पाइप ठेवतो ना, वहिनी. कापला, कपलर लावला, की लाइन चालू.’’

रविवारी रात्री घर शांत. सकाळी निघताना आईने विचारलं, ‘‘मोगऱ्याचं रोप केवढ्याला मिळतं गं?’’