जठराचा मार्ग अडवणारा कर्करोग आणि स्टेंटचा उपाय

हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवला जाणारा स्टेंट आता सर्वपरिचित आहे. जठरातून आतड्याकडे जाणारा मार्ग कर्करोगामुळे बंद झाल्यासही स्टेंट बसवता येतो, याची मात्र अनेकांना कल्पना नसते. या उपायाने कर्करोग बरा होत नाही. रुग्णाला पुन्हा तोंडाने अन्न घेता यावे, एवढेच त्याचे उद्दिष्ट असते.

जठराचा खालचा भाग, स्वादुपिंड, पित्ताशय किंवा लहान आतड्याचा आरंभीचा भाग यांतील कर्करोगाची गाठ वाढल्यास हा मार्ग अरुंद होत जातो. थोडे खाल्ले तरी पोट गच्च होते, काही तासांपूर्वीचे अन्न न पचताच उलटीवाटे बाहेर पडते आणि वजन झपाट्याने घटते. शरीरातील पाणी व क्षारही कमी होतात. त्यामुळे प्रथम नाकातून नळी घालून जठर रिकामे केले जाते आणि रुग्णाला सलाईन दिले जाते.

हा स्टेंट म्हणजे निकेल व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूची जाळीदार नळी. तोंडावाटे दुर्बीण आत सोडून, क्ष-किरणांच्या साहाय्याने ती अडथळ्याच्या जागी बसवली जाते. आकसलेली ही नळी तेथे आपोआप फुलते आणि मार्ग मोकळा होतो. रुग्णाला आधी पातळ व नंतर मऊ आहार दिला जातो. तंतुमय भाज्या किंवा नीट न चावलेले घास जाळीत अडकू शकतात. गाठ जाळीतून आत वाढणे, स्टेंट जागेवरून सरकणे, रक्तस्राव होणे आणि क्वचित आतड्याला छिद्र पडणे, हे यातील धोके आहेत. आतड्यात पुढे आणखी अडथळे असल्यास स्टेंटचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरा मार्ग शस्त्रक्रियेचा. त्यात अडथळा वगळून जठर थेट लहान आतड्याला जोडले जाते. नेदरलँड्समध्ये ३९ रुग्णांवर या दोन उपायांची तुलना करण्यात आली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, स्टेंट बसवलेले रुग्ण लवकर खाऊ लागले, मात्र शस्त्रक्रियेचा लाभ अधिक काळ टिकला. त्यामुळे दोन महिन्यांहून अधिक आयुष्य अपेक्षित असल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे संशोधकांनी सुचवले.

अलीकडे ध्वनिलहरींवर चालणाऱ्या दुर्बिणीच्या साहाय्याने, पोट न उघडताच जठर व आतडे जोडणारा स्टेंट बसवला जातो. भारतासह अनेक देशांतील रुग्णांचा समावेश असलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा महिन्यांत पुन्हा उपचार करावे लागण्याचे प्रमाण या पद्धतीत ४ टक्के, तर नेहमीच्या स्टेंटमध्ये २९ टक्के आढळले. मात्र त्यासाठी विशेष कौशल्य व साधने लागतात.

निवड करताना रुग्णाची शारीरिक ताकद, आजाराचा प्रसार, अपेक्षित आयुर्मान आणि खर्च यांचा विचार करावा लागतो. आपल्याकडे आजाराचे गांभीर्य अनेकदा रुग्णापासून लपवले जाते. परंतु उरलेले दिवस रुग्णालयात किती आणि घरी किती घालवायचे, याचा निर्णय या निवडीत दडलेला असतो. त्यामुळे डॉक्टर व नातेवाईक यांच्या चर्चेत, शक्य असेल तेथे, रुग्णालाही सहभागी करून घेणे आवश्यक आहे.