मृदंगामागचा माणूस

गणपतीत आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वाडीवाडीवर जाखडी रंगते आणि शिमग्यात खेळे दारी येतात, हे आपणांस सांगायला नकोच. पण मृदंगावर थाप मारणारा तो माणूस एरवी काय करतो, याचा विचार आपण कधी केला आहे का?

तो बहुधा शेतकरी. त्याच्या कलेचे पंचांगही शेतीनेच आखून दिलेले. लावणी उरकली, हात मोकळे झाले, की जाखडी. भात झोडून घरात आले, की पुढे शिमग्याचे नमन-खेळे. जाखडीत मधोमध शाहीर, ढोलकी आणि झांज. भोवती चाळ बांधलेले नाचे. शक्तिवाल्याने प्रकृती थोर म्हणावी, तुरेवाल्याने पुरुष. सवाल गाण्यात, जबाबही गाण्यातच! त्यासाठी पुराणातल्या कथा तोंडपाठ हव्यात. शाळा थोडी झाली असेल, पण अभ्यास थोडा नव्हे, बरं का.

यांतले पुष्कळजण मुंबईस गिरणीत लागले आणि मृदंगही बरोबर घेऊन गेले. 1982 च्या संपानंतर कित्येकांचे काम गेले. पण गाणे त्यांनी सोडले नाही.

असे लोक परदेशांतही होते. 1903 साली इंग्लंडात, सॉमरसेट परगण्यातल्या एका खेड्यात, जॉन इंग्लंड नावाचा माळी काम करताना गात होता. सेसिल शार्प या संगीतशिक्षकाने ते ऐकले आणि तिथल्या तिथे टिपून घेतले. पुढे शार्पने टिपलेल्या चाली पाच हजारांच्या घरात गेल्या. 1952 पासून बी.बी.सी.ने ध्वनिमुद्रणयंत्रे घेऊन माणसे खेडोपाडी पाठवली. गाण्याबरोबर गाणाऱ्याचे नाव लिहिले गेले, म्हणून तो माळी आज आपल्याला ठाऊक आहे.

आपल्याकडे चांगली पदे शाहिराच्या वहीत असतात, किंवा नुसती डोक्यात. वही वाळवीने खाल्ली, म्हातारा गेला, की संपले.

तेव्हा गुरुजी, एवढे करा. शाळेत एक जाड वही ठेवा. मुलांना आपल्याच वाडीतल्या बुवांकडे पाठवा. पद लिहून घ्यावे. कोणी रचले, कोणाकडून शिकले, कोणत्या प्रसंगी म्हणतात, तेही लिहावे. खिशातल्या फोनवर चाल उतरवता येते. मात्र आधी बुवांना विचारावे, कारण ते धन त्यांचे आहे. आणि पानाच्या माथ्यावर त्यांचे नाव व गाव ठळक अक्षरांत घालावे.